पैसा गुंतवताना: पर्यावरण, समाज आणि कारभार यांचा विचार

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की, गुंतवणूक हा मुंबईच्या शेटजींचा विषय आहे. देवळ्याच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? पण जरा विचार करा. घरातल्या बाईने भिशीत टाकलेले पैसे ही गुंतवणूक आहे. पतसंस्थेतली ठेव, मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेले सोने, डाळिंबाच्या बागेसाठी पाडलेली बोअर, रस्त्याच्या कडेला घेतलेला प्लॉट, साखर कारखान्याचा भाग, ही सगळी गुंतवणूकच होय. आज हातात असलेला पैसा उद्याच्या आशेने दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. आणि ज्याच्याजवळ पैसा थोडा, त्याने हा विचार जास्त केला पाहिजे. श्रीमंताचा एक लाख बुडाला तर त्याची झोप उडते. गरिबाचा एक लाख बुडाला तर मुलाची शाळा सुटते.

गुंतवणूक करताना पूर्वी दोनच प्रश्न विचारले जात. नफा किती मिळेल? आणि पैसा बुडणार तर नाही ना? गेल्या वीस-बावीस वर्षांत जगातल्या मोठ्या गुंतवणूकदारांनी यात आणखी तीन प्रश्नांची भर घातली आहे. पहिला, हा धंदा माती, पाणी आणि हवा यांचे काय करतो? दुसरा, तो कामगारांशी, शेजारच्या वस्तीशी आणि गिऱ्हाइकाशी कसा वागतो? तिसरा, त्याचा कारभार कोण पाहतो आणि हिशेब कोण तपासतो? पर्यावरण, समाज आणि कारभार या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'ईएसजी' असे नाव पडले. सन २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून हे नाव रूढ झाले आणि २००६ मध्ये जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वे जाहीर झाली.

नाव नवे असले तरी विचार आपल्याला परका नाही. रसूलुल्लाह (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगाशी थांबले, त्यांनी ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ओला माल वर ठेवायचा म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल, हा त्या प्रसंगाचा बोध. आपल्या उमराण्याच्या बाजारात कांदा विकणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ट्रॉलीच्या वरचा माल पाहून बोली लागते आणि ट्रॉली खळ्यावर रिकामी झाली की खालची गोल्टी व सडका कांदा बाहेर पडतो. मग भांडण! आजच्या व्याख्यानाचा सारांश एका वाक्यात सांगायचा तर तो असा: पैसा देण्यापूर्वी ढिगात हात घालून पाहा.

आता एकेक प्रश्न उदाहरणाने पाहू.

पर्यावरण आणि समाज: एका कारखान्याची गोष्ट

पहिले उदाहरण आपल्याच राज्यातले, रत्नागिरीचे आहे. सन १९९२ मध्ये स्टरलाइट या कंपनीला तांबे शुद्ध करण्याच्या कारखान्यासाठी रत्नागिरीत जमीन देण्यात आली. तांब्याच्या भट्टीतून गंधकाचा वायू निघतो. त्या वायूने हापूसच्या बागा जातील आणि सांडपाण्याने खाडीतली मासळी जाईल, या भीतीने बागायतदार व मच्छीमार, हिंदू आणि मुसलमान, एकत्र उभे राहिले. १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवण्याचा आदेश दिला आणि पुढे तो प्रकल्प तमिळनाडूत, तुतिकोरीन येथे गेला.

तेथे कारखाना उभा राहिला, वाढत वाढत वर्षाला चार लाख टन तांबे काढण्याच्या क्षमतेपर्यंत पोहोचला. पण रत्नागिरीच्या लोकांनी विचारलेला प्रश्न त्याच्या मागोमाग तिकडे गेला. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाबद्दल कंपनीला १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले, मात्र कारखाना चालू ठेवण्यास मुभा दिली. २२ मे २०१८ रोजी आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर आठवड्याच्या आतच, २८ मे रोजी, राज्य सरकारने कारखाना कायमचा बंद करण्याचा आदेश काढला आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली.

या हकिगतीकडे गुंतवणूकदाराच्या नजरेने पाहा. यंत्रे चांगली होती. तांब्याला मागणी होती. हिशेबाच्या वहीत नफा होता. तरीही एवढे मोठे भांडवल बंद कुलपाआड पडले, कारण शेजारच्या माणसाचा विश्वास हा ताळेबंदात न दिसणारा खर्च कोणी धरलाच नव्हता. आणि कारखाना बंद पडला तेव्हा तेथे राबणाऱ्या कामगारांची रोजीही गेली, हेही विसरून चालणार नाही. पर्यावरण सांभाळणे म्हणजे कारखान्यांना विरोध करणे नव्हे. जो कारखाना शेजाऱ्याला सांभाळून चालतो, तोच पन्नास वर्षे टिकतो.

याच उद्योगसमूहाच्या बाबतीत परदेशातील गुंतवणूकदारांनी काय केले, तेही बोधप्रद आहे. नॉर्वे देशाने तेलाच्या उत्पन्नातून पुढील पिढ्यांसाठी मोठा निधी उभा केला आहे. त्या निधीने २००७ मध्ये वेदांता या मूळ कंपनीचे भाग पर्यावरण व मानवी हक्कांच्या कारणास्तव वगळले. फेब्रुवारी २०१० मध्ये इंग्लंडच्या चर्चनेही आपले भाग विकले. तेव्हा प्रश्न होता ओडिशातील नियमगिरी डोंगराचा, ज्याला डोंगरिया कोंध आदिवासी पवित्र मानतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. ज्यांनी आधीच ढिगात हात घातला होता, त्यांना हा ओलावा अगोदर लागला होता.

उलट बाजूचेही उदाहरण देतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महानगरपालिकेने सौर वीज प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. नर्मदेचे पाणी शहरात उपसून आणण्याचा विजेचा खर्च कमी व्हावा म्हणून ६० मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा, असा हेतू होता. लोकांनी मागणीच्या सुमारे सहापट पैसे देऊ केले. स्वच्छतेत नाव मिळवलेल्या शहरावर लोकांनी विश्वास टाकला. व्याज वर्ज्य मानणाऱ्यांसाठी रोखे हा मार्ग नाही, हे मी जाणतो; पण चांगल्या कामाला आणि चांगल्या नावाला भांडवल सहज मिळते, एवढे त्यातून दिसते.

समाज या शब्दात दूरचा कामगारही येतो. आपल्या चहातली साखर कोणाच्या हातून येते? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. मजुरीचा खाडा होऊ नये, मुकादमाची उचल फिटावी, या दडपणाखाली तरुण बायका शरीर झिजवत होत्या. २०२४ मध्ये हा प्रश्न परदेशी वृत्तपत्रांत गाजला, तेव्हा महाराष्ट्राची साखर विकत घेणाऱ्या जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांनाही प्रश्न विचारले गेले. फडात पाणी, शौचालय आणि विश्रांती देण्याचा खर्च वाचवला, तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो कोणत्यातरी बाईच्या शरीरावर चढतो आणि एक दिवस कंपनीच्या दारातही येतो.

कारभार: हिशेब कोण तपासतो?

तिसरा प्रश्न आपल्या सर्वांच्या सर्वांत जवळचा. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत नमाज किंवा रोज्याविषयी नाही, ती उसनवारीचा व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याविषयी आहे. यावरून हिशेबाला आपल्या दीनमध्ये काय स्थान आहे हे ध्यानात यावे. 'आपला माणूस आहे, लिहायचे कशाला?' हे बोलणे भल्या माणसाचे वाटते, पण ते दीनच्या शिकवणीला धरून नाही.

७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, कंपनीचे हिशेब कित्येक वर्षे फुगवलेले होते. बँकेत असल्याचे दाखवलेले हजारो कोटी रुपये प्रत्यक्षात नव्हतेच. त्या एका दिवसात तिच्या भागाची किंमत तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, अवघ्या काही महिन्यांपूर्वी, २००८ मध्ये, याच कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पुरस्कार मिळाला होता! पुरस्काराची ढाल भिंतीवर होती आणि पैसा तिजोरीत नव्हता.

दुसरे उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदाराला प्रथम फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. बँकेच्या कर्जांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कर्ज एकाच बांधकाम समूहाला दिलेले होते आणि ते लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. रिक्षावाला, निवृत्त शिक्षक, विधवा बाई, सारे रांगेत उभे राहिले. २०२२ च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. या घटनेनंतर, फेब्रुवारी २०२० पासून, बँकेतील ठेवीचे विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाख रुपये झाले. पालकहो, हे मात्र नीट ऐका: ठेव विमा महामंडळाचे हे संरक्षण बँकेतील ठेवीला आहे, पतसंस्थेतील ठेवीला नाही. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्याने हा फरक समजून घ्यावा.

आपल्याच तालुक्यात विठेवाडीचा वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना आहे. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला हा कारखाना पुढे आर्थिक अडचणीत आला, गाळप बंद राहिले, तो भाडेतत्त्वावर द्यावा लागला. कोणाचे किती चुकले या वादात शिरण्याचे माझे काम नाही. पण एक प्रश्न प्रत्येक सभासदाने स्वतःला विचारावा: सहकारी संस्थेची वार्षिक सभा असते, अहवाल छापला जातो, ताळेबंद हातात दिला जातो, तो वाचणारे आपल्यात किती? सही करून परतणारा सभासद हा मालक असून पाहुण्यासारखा वागतो.

'हलाल' ही पाटी आणि तिच्यामागचा ढीग

आता थोडे नाजूक बोलतो. आपल्या समाजात व्याज टाळू इच्छिणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांची ही इच्छा आदरास पात्र आहे. पण नेमक्या याच भावनेचा काहींनी बाजार मांडला. बंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरी, म्हणजे आयएमए, या संस्थेने 'हलाल' नफ्याच्या नावावर ठेवी गोळा केल्या. तिचे सोन्याचे दुकान होते, तिने सरकारी शाळेला मदत केली होती, प्रतिष्ठित लोकांची तिच्याकडे ये-जा होती. जून २०१९ मध्ये संस्थापक देश सोडून गेला आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत उतरताच त्याला अटक झाली. सुमारे चाळीस हजार लोकांनी तक्रारी नोंदवल्या. त्यात बहुसंख्य आपल्याच समाजातले, बेताच्या परिस्थितीचे लोक होते. कुणी हजचे पैसे ठेवले होते, कुणी लेकीच्या निकाहचे.

हे लोक अधर्मी नव्हते, मूर्खही नव्हते. त्यांनी 'व्याज आहे का?' एवढेच विचारले. 'नफा कुठून येतो? नोंदणी कोणाकडे आहे? हिशेब कोण तपासतो?' हे विचारले नाही. नफा सांगितला आणि धंदा सांगितला नाही, तर तो नफा बहुधा मागाहून येणाऱ्या ठेवीदाराच्याच खिशातला असतो.

येथे 'ईएसजी' आणि शरीअतची चाळणी यांतला फरकही समजून घ्यावा. शरीअतप्रमाणे गुंतवणूक निवडणारे दारू, जुगार, व्याजावर चालणारा धंदा वगळतात. कंपनीच्या डोक्यावरचे कर्जही ठरावीक मर्यादेत आहे की नाही ते पाहतात. आपल्या देशात असे म्युच्युअल फंड आहेत आणि शेअर बाजारांचे शरीअत निर्देशांकही आहेत. पण दोन चाळण्यांची भोके सारखी नाहीत. नाशिकची सुला ही वाइन कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. सौर वीज, पाण्याची बचत या बाबतीत तिचे काम सांगितले जाते. तरी आपल्यासाठी तो धंदा वर्ज्यच. उलट एखादी कोळसा खाण शरीअतच्या धंद्याच्या यादीत अडणार नाही, पण तिने गावाची हवा आणि विहिरी बिघडवल्या असतील तर पर्यावरणाच्या चाळणीत ती अडेल. माझ्या मते मुसलमानाने दोन्ही चाळण्या हातात घ्याव्यात. अल्लाहने माणसाला जमिनीवर खलिफा केले याचा अर्थ मालक असा नाही, अमानत सांभाळणारा असा आहे. शेजाऱ्याची विहीर नासवून मिळालेला पैसा केवळ व्याज नाही म्हणून पाक होत नाही.

आणि 'ईएसजी' ही पाटीसुद्धा आंधळेपणाने स्वीकारू नये. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसी कंपनीला एमएससीआय या जागतिक संस्थेची 'एए' ही उच्च श्रेणी कित्येक वर्षे मिळत आली आहे. कंपनी पाणी अडवते, झाडे लावते, त्याचे गुण तिला मिळतात. पण सिगारेटने फुप्फुस जळते ते जळतेच. एक संस्था ज्या कंपनीला वरचे गुण देते, तिलाच दुसरी संस्था खालचे गुण देते, असेही घडते. शिवाय असा विचार करणाऱ्याला नेहमी जास्तच नफा होतो, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फायदा असेल तर तो असा, की मोठ्या खड्ड्यात पडण्याचा धोका कमी होतो.

मग करावे काय?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक अभ्यास सुचवतो. सेबीच्या नियमाप्रमाणे २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. पाणी किती वापरले, कचरा किती झाला, किती कामगार अपघातात सापडले, स्त्रिया किती, तक्रारी किती आल्या आणि किती सुटल्या, हे त्यात आकड्यांनी लिहिलेले असते. तो फुकट पाहता येतो. वाणिज्य शाखेच्या मुलांनी ज्या कंपनीचा साबण किंवा बिस्किट घरात येते, तिचा अहवाल काढून दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र तिन्ही एकदम शिकून होतील.

पालकहो, तुमच्यासाठी एवढेच. कोणी योजना घेऊन दारात आला तर त्याला चहा जरूर पाजा, पण पैसे त्याच दिवशी देऊ नका. त्याला विचारा: धंदा कोणता? नोंदणी रिझर्व्ह बँकेची, सेबीची की सहकार खात्याची? कागद दाखवा. हिशेब तपासनीस कोण? ठरलेल्या मुदतीआधी पैसे हवे असतील तर काय? आणि या धंद्याने कोणाचे नुकसान होते? उत्तर देताना तो चिडला, किंवा 'आपल्यात विश्वास नाही का?' म्हणाला, तर समजा की ढिगाखाली ओलावा आहे. घरच्या बाईलाही विचारा. भिशीचा हिशेब वर्षानुवर्षे तोंडपाठ ठेवणाऱ्या बायकांना फसवणे पुरुषांना फसवण्याइतके सोपे नसते. आणि फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी मालमत्ता जप्त होण्याची शक्यता अधिक.

बागाईतदार बांधवांना एक शब्द. तुमची बोअर हीसुद्धा गुंतवणूक आहे. मी दोनशे फूट गेलो म्हणून शेजारी चारशे गेला आणि त्यामुळे मी सहाशे गेलो, या शर्यतीत कोणाचेच भांडवल सुरक्षित नाही. शेततळे, ठिबक आणि गावाने मिळून पाणी मोजणे, हा आपल्या शिवारातला पर्यावरणाचा विचार होय.

शेवटी घरचा अहेर. आपली शिक्षण संस्थाही लोकांच्या पैशावर चालते. जकात, सदका, देणगी, फी, या साऱ्यांतून एकेक वर्ग उभा राहतो. समाजाने केलेली ही सर्वांत मोठी गुंतवणूक आहे, कारण तिचा नफा मुलांच्या रूपाने येतो. म्हणून जे तीन प्रश्न कंपनीला, तेच आपल्यालाही लागू आहेत. शाळेत पिण्याचे पाणी स्वच्छ आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, शिपायाला आणि तात्पुरत्या शिक्षकाला वेळेवर पगार मिळतो का, तपासलेला हिशेब सूचना फलकावर लागतो का, हे पालकांनी विचारावे आणि पदाधिकाऱ्यांनी आनंदाने सांगावे. विचारणारा पालक संस्थेचा शत्रू नसतो. ज्या संस्थेत तो मोकळेपणाने विचारू शकतो, त्या संस्थेतच देणगीदार पुन्हा येतो.

जे मेळाव्याला येऊ शकले नाहीत त्यांनीही हे पान घरात मोठ्याने वाचावे आणि आपला पैसा कुठे कुठे आहे, तो तेथे काय करतो आहे, याची एक यादी बसून करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.